मूळ स्वरूप : इंजिन बदललेल्या मोटारींचा शतकभराचा वाद

२०१७ सालच्या एप्रिल महिन्यात वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी संसद भवनासमोरच्या विस्तीर्ण हिरवळीवर काचेची एक मोठी पेटी मांडली होती. आत फिकट आणि गडद अशा दोन हिरव्या छटांत रंगवलेली, जमिनीला टेकल्यासारखी दिसणारी एक मोटार होती. राष्ट्राच्या ऐतिहासिक वाहनांच्या नोंदवहीत तिचे नाव नुकतेच दाखल झाले होते. या नोंदवहीत आलेल्या वाहनाची मापे, छायाचित्रे आणि कागदपत्रे अमेरिकेच्या ग्रंथालयात कायमची जतन होतात, एखाद्या ऐतिहासिक पुलाची किंवा वास्तूची व्हावीत तशी. गाडीचे नाव हिरोहाटा मर्क.

ही गाडी मुळात १९५१ सालची मर्क्युरी, म्हणजे फोर्ड कंपनीची मध्यम दर्जाची कुटुंबवत्सल मोटार. बॉब हिरोहाटा या जपानी वंशाच्या अमेरिकन तरुणाने ती जवळजवळ नवीच असताना कॅलिफोर्नियातील बॅरिस बंधूंच्या गॅरेजात दिली. त्यांनी तिचे छप्पर कापून खाली आणले, दारामागचा खांब काढून टाकला, दारांचे हँडल नाहीसे करून तिथला पत्रा सपाट केला, बाजूला ब्यूकच्या क्रोमपट्ट्या आणि मागे लिंकनचे दिवे लावले. पुढच्या वर्षी बॉनेटखाली कॅडिलॅकचे इंजिन आले आणि ती गाडी हाकत हिरोहाटा थेट इंडियानापोलिसच्या प्रदर्शनाला गेला. १९५९ साली एका शाळकरी मुलाने जुन्या गाड्यांच्या बाजारात ती ५०० डॉलरना विकत घेतली आणि पुढची साठेक वर्षे ती त्याच घरात राहिली. जानेवारी २०२२ मध्ये लिलावात तिच्यासाठी सुमारे २१ लाख डॉलर मोजले गेले. कारखान्यातून निघाली तशीच जपलेली त्या सालची मर्क्युरी एवढ्या किमतीच्या जवळपासही जात नाही.

जुन्या मोटारींच्या जगात जी गोष्ट सर्वांत मोठे पाप मानली जाते, ती सगळी या गाडीवर केलेली आहे. पत्रा कापला आहे, सुटे भाग दुसऱ्या कंपन्यांचे आहेत, इंजिन परके आहे. तरीही ती राष्ट्रीय वारसा ठरली. मग आज कोणी १९५१ ची अशीच एखादी सुस्थितीतली मर्क्युरी घेऊन तिचे छप्पर कापले, तर तीच हौशी मंडळी त्याच्यावर तुटून का पडतात? ‘मूळ’ या शब्दाचा अर्थ मोटारींच्या बाबतीत नेमका काय, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. त्याला जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला एक धागा आपल्या मुंबई-पुण्याच्या गॅरेजांपर्यंत येऊन पोचतो.

दोन छंद, एकच दशक

जुनी गाडी जशीच्या तशी जपणे हा मूळ छंद आणि ती बदलणे ही मागाहून आलेली विकृती, असा एक समज आहे. इतिहास तसे सांगत नाही. ब्रिटनमध्ये व्हिंटेज गाड्यांचा पहिला महत्त्वाचा क्लब १९३४ साली निघाला. अमेरिकेतला जुन्या मोटारींचा सर्वांत मोठा क्लब १९३५ साली फिलाडेल्फियात स्थापन झाला. आणि जुन्या फोर्ड गाड्या कापूनकोरून शर्यतीत पळवणाऱ्या पोरांच्या क्लबांनी दक्षिण कॅलिफोर्नियात आपली संघटना बांधली ती १९३७ साली. जपणारे आणि बदलणारे एकाच काळाची अपत्ये आहेत.

या दोघांनाही जन्म दिला तो भंगाराने. हेन्री फोर्डने १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी ‘मॉडेल टी’ बनवल्या. त्यांच्यामागून मॉडेल ए आली, आणि १९३२ साली फोर्डने सामान्य माणसाच्या गाडीत आठ सिलिंडरचे व्ही-एट इंजिन आणून सगळ्यांना चकित केले. २२१ घनइंच, ६५ अश्वशक्ती, सगळे सिलिंडर एकाच ओतीव ठोकळ्यात, आणि गाडीची किंमत पाचशे डॉलरच्या आसपास. तोवर व्ही-एट ही श्रीमंतांची चैन होती. दुसरीकडे जनरल मोटर्सने दरवर्षी नवे रूप बाजारात आणायची पद्धत रूढ केली होती, त्यामुळे चार-पाच वर्षांची गाडी जुनाट दिसू लागे. मंदीच्या काळात अशा हलक्या, उघड्या फोर्ड गाड्या भंगारवाल्याकडे कवडीमोलाने मिळत. ज्या वस्तूला कोणी मोल देत नाही, तिच्यावर करवत चालवायला हात कचरत नाही.

लॉस एंजेलिसच्या ईशान्येला मोहावी वाळवंटात म्युरॉक नावाचा कोरड्या तळ्याचा सपाट तळ आहे. आज तिथे एडवर्ड्स हा हवाई दलाचा प्रसिद्ध तळ आहे. तीसच्या दशकात शनिवार-रविवारी तिथे तरुणांची जत्रा भरे. मडगार्ड काढायचे, समोरची काच उतरवायची, वजन जमेल तितके कमी करायचे आणि धूळ उडवत घड्याळाशी स्पर्धा करायची. इंजिनातही हात घातला जाई. फोर्डच्या या इंजिनाला ‘फ्लॅटहेड’ म्हणत, कारण त्याचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर नसून बाजूला, ठोकळ्यातच बसवलेले होते. रचना स्वस्त होती, पण जळालेला वायू ठोकळ्याच्या आतून वाट काढत बाहेर पडे आणि इंजिन तापे. पोरांनी हेड घासून दाब वाढवला, एकाऐवजी दोन-तीन कार्ब्युरेटर लावले, कॅमशाफ्टचे उंचवटे बदलले. व्हिक एडेलब्रॉक आणि एड इस्केंडेरियन यांच्यासारख्यांनी पुढे याच कामाचे कारखाने काढले.

युद्ध संपल्यावर सैन्यातून यांत्रिक काम शिकून आलेले हजारो तरुण खिशात थोडे पैसे घेऊन परतले आणि या छंदाला उधाण आले. जानेवारी १९४८ मध्ये ‘हॉट रॉड’ मासिकाचा पहिला अंक निघाला. १९४९ मध्ये यूटा राज्यातल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर वेगाचा पहिला सप्ताह झाला. १९५१ मध्ये ड्रॅग शर्यतींची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. रस्त्यावरच्या शर्यतींमुळे ‘हॉट रॉड’ हा शब्द वर्तमानपत्रांत उनाडपणाचा समानार्थी झाला होता. ती बदनामी पुसावी, हा मासिकाचा आणि संघटनेचा एक उघड हेतू होता.

शेवरलेचे इंजिन, फोर्डची गाडी

इथवर झगडा फारसा नव्हता. फोर्डच्या गाडीत फोर्डचेच इंजिन होते, फक्त ते अधिक तापट केलेले. खरी फूट पडली ती इंजिनांच्या नव्या पिढीमुळे.

१९४९ सालच्या कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबील गाड्यांत डोक्यावर व्हॉल्व्ह असलेली नवी व्ही-एट इंजिने आली. १९५१ मध्ये क्रायस्लरचे ‘हेमी’ आले. फ्लॅटहेडवर वर्षभर घाम गाळून जेवढी ताकद मिळे, तेवढी यांच्यात कारखान्यातूनच असे. पण ही इंजिने जड आणि आडदांड होती. मग १९५५ साली शेवरलेने एड कोल या अभियंत्याच्या देखरेखीखाली बनलेले २६५ घनइंचांचे व्ही-एट बाजारात आणले. साध्या रूपात १६२ अश्वशक्ती, आटोपशीर आकार, आणि वजन शेवरलेच्याच सहा सिलिंडरच्या इंजिनापेक्षा कमी. व्हॉल्व्ह हलवणारे दांडे पत्रा दाबून बनवलेले होते, त्यामुळे उत्पादन स्वस्त होते. पुढे ‘स्मॉल ब्लॉक’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या वंशाची दहा कोटी इंजिने झाल्याचे जनरल मोटर्सने २०११ साली जाहीर केले. म्हणजे अमेरिकेतल्या कोणत्याही गावच्या भंगारात ते मिळणारच आणि त्याचे सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात असणारच.

१९३२ च्या फोर्डच्या अरुंद बॉनेटखाली ते जणू मापाचे बसे. काही वर्षांतच फोर्डच्या बॉडीत शेवरलेचे इंजिन ही हॉट रॉडची रूढ कृती होऊन बसली. आणि तिथेच कुरबूर सुरू झाली. फोर्डमध्ये फोर्डच हवे, असे म्हणणारा एक पंथ तेव्हापासून आहे. त्यांना इंजिन बदलण्याचे वावडे नव्हते. त्यांचा आक्षेप सोयरीक परक्या घराण्यात जुळवण्याला होता. आणखी एक आक्षेप आजही ऐकू येतो : सगळ्यांनी एकच इंजिन बसवले, तर कल्पकता कुठे राहिली? चाळीस वर्षांनंतर, १९९७ च्या कॉर्व्हेटमधून जनरल मोटर्सचे अॅल्युमिनियमचे ‘एलएस’ इंजिन आले आणि जपानी निस्सानपासून चिमुकल्या माझदापर्यंत, जर्मन पोर्शपर्यंत सगळ्यांत बसू लागले. तेव्हा हाच वाद शब्दही न बदलता पुन्हा झाला.

इंजिन बदलणे म्हणजे एक यंत्र काढून दुसरे ठेवणे नव्हे, हे इथे सांगायला हवे. १९३२ च्या फोर्डचे ब्रेक दांड्यांवर चालणारे होते. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक दिले ते १९३९ च्या गाड्यांत. दुप्पट-तिप्पट ताकदीचे इंजिन बसवले की ब्रेक बदलावे लागतात. जुना गिअरबॉक्स दात मोडून घेतो, म्हणून तोही बदलतो. मागचा आस पिळवटतो, रेडिएटर अपुरा पडतो, इंजिनचे वजन वेगळे असले की पुढच्या स्प्रिंगा बसतात, स्टिअरिंगच्या दांड्याला वाट करून द्यावी लागते. एक निर्णय घेतला की मागून दहा निर्णय येतात. चांगल्या कारागिराची गाडी ओळखू येते ती या दहा निर्णयांवरून. वाईट कारागिराच्या हातून एक बरी गाडी कायमची मोडते, आणि परंपरावाद्यांच्या रागात या अनुभवाचा वाटा मोठा आहे.

कारखान्यांनीच लावलेली सोयरीक

या भांडणात एक गोष्ट सहसा विसरली जाते. आज ज्यांना अभिजात म्हणून डोक्यावर घेतले जाते, त्यांतल्या काही गाड्या मुळातच इंजिनाच्या अदलाबदलीतून जन्मल्या. ब्रिटनमधल्या अॅलार्ड कंपनीने युद्धोत्तर काळात आपल्या हलक्या गाड्यांत कॅडिलॅकची इंजिने घालून शर्यती गाजवल्या. एसी या छोट्या इंग्रज कंपनीला तिच्या ‘एस’ गाडीसाठी मिळणारे ब्रिस्टल इंजिन बंद होऊ लागले, तेव्हा टेक्सासचा निवृत्त शर्यतपटू कॅरोल शेल्बी याने तिला पत्र लिहून गाडीत अमेरिकन व्ही-एट बसवण्याची कल्पना मांडली. फोर्डने २६० घनइंचांचे इंजिन दिले आणि १९६२ साली कोब्रा अवतरली. त्या पहिल्या कोब्रासाठी ऑगस्ट २०१६ च्या लिलावात १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलर मोजले गेले. लिलावात अमेरिकन मोटारीला तोवर मिळालेली ही सर्वांत मोठी किंमत होती. म्हणजे त्या क्षणी जगातली सर्वांत महागडी ‘अमेरिकन’ गाडी ही एका इंग्रज गाडीत परके इंजिन घालून बनवलेली होती. सनबीम अल्पाइनची १९६४ साली टायगर झाली तीही याच वाटेने.

दुसरे उदाहरण पेबल बीचचे. कॅलिफोर्नियातल्या समुद्रकाठच्या गोल्फ मैदानावर १९५० पासून दरवर्षी भरणारे हे प्रदर्शन म्हणजे जुन्या मोटारींची पंढरी. पण पहिली काही वर्षे तिथला सर्वोच्च मान नव्या कोऱ्या गाड्यांना मिळत असे. १९५५ साली शर्यतपटू फिल हिलच्या १९३१ सालच्या पिअर्स-अॅरो गाडीने तो मिळवला, तेव्हा प्रथमच जुनी गाडी अव्वल ठरली. तिथून पुढे जीर्णोद्धार केलेल्या गाड्यांचे युग सुरू झाले, आणि ते इतके कडक की हॉट रॉडना त्या हिरवळीवर पाय ठेवायला १९९७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी पहिल्यांदाच हॉट रॉडचा स्वतंत्र वर्ग निघाला आणि डोन स्पेन्सरने चाळीसच्या दशकात घडवलेली १९३२ ची फोर्ड त्यात पहिली आली. अस्सलपणाची जी कसोटी आज सनातन वाटते, ती पेबल बीचवरसुद्धा पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर आलेली आहे.

नंबर आणि न्यायालय

सत्तरच्या दशकात या कसोटीला पैशाचे बळ मिळाले. कॉर्व्हेटच्या इंजिनावर गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे आकडे ठोकलेले असत. ते जुळले, म्हणजे इंजिन त्याच गाडीचे. ‘मॅचिंग नंबर’ हा शब्द रूढ झाला आणि तो जुळला की किंमत वाढू लागली. मग साहजिकच जुने आकडे घासून नवे ठोकणारेही निघाले, आणि घासल्याच्या खुणा भिंगाखाली शोधणारे तज्ज्ञही. इंजिन हा गाडीचा आत्मा, असे म्हणणाऱ्यांच्या बाजूला आता बाजारही उभा राहिला. पूर्वी फुटलेले इंजिन काढून फेकत. आता ते गॅरेजच्या कोपऱ्यात जपून ठेवू लागले.

पण आत्मा बदलला तर गाडी तीच राहते का? हा प्रश्न १९९० साली लंडनच्या उच्च न्यायालयात खरोखरीच उभा राहिला. बेंटली कंपनीच्या ‘स्पीड सिक्स’ जातीच्या एका गाडीने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली होती. तिचे लाडके नाव ‘ओल्ड नंबर वन’. त्यानंतरही ती शर्यतीत उतरत राहिली. तिच्यात आठ लिटरचे मोठे इंजिन घातले गेले. सप्टेंबर १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या उंच कडेवरून ती उडाली आणि चालक क्लाइव्ह डनफी ठार झाला. उरलेल्या सांगाड्यावर पुढे बंद छपराची बॉडी चढली. अर्ध्या शतकानंतर मालकाने ती एका कंपनीला एक कोटी पौंडांना विकायचा करार केला. खरेदीदाराने पैसे देण्यास नकार दिला. त्याचे म्हणणे, हिच्यात ल मान्स जिंकलेल्या गाडीचे जवळजवळ काहीच उरलेले नाही, मग ही ‘ओल्ड नंबर वन’ कशी?

न्यायाधीशांनी एकेक भाग तपासला. मूळ भाग फारच थोडे उरले होते, हे त्यांनी मान्य केले. तरीही निकाल विक्रेत्याच्या बाजूने लागला. या गाडीचे तुकडे होऊन ती कधी दोन गाड्यांत विभागली गेली नव्हती, आणि मधेच नाहीशी होऊन कोणी तिची प्रतिकृती बनवलेली नव्हती. बदल एकामागून एक, सलग होत गेले होते. तेव्हा तिला तिचे नाव सांगण्याचा अधिकार आहे, मात्र ‘१९२९ ची मूळ गाडी’ म्हणण्याचा नाही. हा फरक बारीक असला तरी फार महत्त्वाचा आहे. अस्सल असणे आणि मूळ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नदीचे पाणी रोज बदलते म्हणून गोदावरीचे नाव बदलत नाही. पण ‘हे रामाच्या काळचे पाणी’ असेही कोणी म्हणू शकत नाही.

सनद आणि वीज

ऐतिहासिक वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फिव्हा’ १९६६ साली स्थापन झाली. तिने २०१२ साली ट्यूरिन सनद स्वीकारली. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली झालेल्या व्हेनिस सनदेवर ती बेतलेली आहे. तिचा गाभा तीन गोष्टींत सांगता येईल. वाहनाच्या नेहमीच्या वापराच्या काळात त्यात झालेले बदल हा त्याच्या इतिहासाचा भाग आहे, ते पुसू नयेत. आज जो बदल कराल तो परत उलटवता येईल असा करा. आणि जे कराल त्याची नोंद ठेवा. या मोजपट्टीने हिरोहाटा मर्क बसते, म्युरॉकच्या फोर्ड बसतात. आज एखाद्या न कापलेल्या गाडीवर करवत चालवणे मात्र बसत नाही.

सनदेची खरी परीक्षा विजेच्या इंजिनांनी घेतली. सप्टेंबर २०१७ मध्ये जॅग्वार कंपनीने स्वतःच आपली १९६० च्या दशकातली ई-टाइप विजेवर चालवून दाखवली. लांबलचक बॉनेटखालचे सहा सिलिंडरचे प्रसिद्ध इंजिन काढून त्याच जागेत, साधारण तेवढ्याच आकाराचा आणि वजनाचा बॅटरीचा संच बसवला होता. मे २०१८ मध्ये राजपुत्र हॅरी आणि मेगन मार्कल लग्नानंतर विंडसरहून निघाले ते तशा गाडीतून. जगभर ते चित्र दिसले आणि वादाचा धुरळा उठला. बॉडी कापलेली नाही, जुने इंजिन परत बसवता येते, म्हणून हा बदल निरुपद्रवी, असे एका बाजूचे म्हणणे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की ज्या इंजिनासाठी ही गाडी जन्मली तेच काढल्यावर उरतो तो नुसता सुंदर पत्रा. १९६१ मध्ये जिनिव्हाला लोक भारावले होते ते दिसण्याने आणि वेगाने, दोन्हींनी. फिव्हाने २०१९ मध्ये आपली भूमिका मांडली : असे रूपांतर करणे हा मालकाचा प्रश्न, पण त्यानंतर त्या वाहनाला ऐतिहासिक म्हणता येणार नाही. करायचेच असेल तर उलटवता येईल असे करा आणि काढलेले भाग सांभाळून ठेवा.

मुंबईची डिझेल चरित्रे

आता आपल्याकडे वळू. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली. फोर्डही मुंबईत होती. स्वातंत्र्यानंतर सरकारने ठरवले, की नुसती जुळणी चालणार नाही, भागही इथेच बनले पाहिजेत. पन्नासच्या दशकाच्या मध्यापर्यंत दोन्ही अमेरिकन कंपन्यांनी गाशा गुंडाळला. कुर्ल्याच्या प्रीमियरची फियाट, कलकत्त्याची अँबॅसडर, मद्रासची स्टँडर्ड एवढ्याच गाड्या उरल्या आणि परदेशी गाड्यांची व सुट्या भागांची आयात जवळजवळ थांबली. रस्त्यावरच्या शेवरले, ब्यूक, डॉज, प्लिमथ मात्र राहिल्याच. त्यांची मोठाली पेट्रोल इंजिने झिजली तेव्हा नवी पिस्टन-रिंगसुद्धा मिळेना. त्यात १९७३ चे तेलसंकट आले.

डिझेल तेव्हा पेट्रोलपेक्षा खूपच स्वस्त होते. मग आपल्या मिस्तऱ्यांनी जे केले, तेच अमेरिकन पोरांनी केले होते, फक्त उलट्या दिशेने. तिथे वेगासाठी इंजिन बदलले, इथे गाडी चालू राहावी म्हणून. पर्किन्सचे डिझेल इंजिन, पुढे पुण्याच्या बजाज टेम्पोच्या मॅटाडोरमधले मर्सिडीझच्या परवान्यावर बनलेले इंजिन, जे हाती लागेल ते अमेरिकन गाडीच्या लांबरुंद बॉनेटखाली बसवले गेले. इंजिन आणि गिअरबॉक्स यांची भोके जुळत नसत, म्हणून मधली प्लेट लेथवर बनवून घ्यायची. डिझेलचा थरकाप चॅसीला सोसत नसे, म्हणून रबरी माउंटिंग बदलायचे. इंजिन जड, म्हणून पुढच्या स्प्रिंगांना पान वाढवायचे. मग आरटीओत नेऊन आरसी बुकावर नवा इंजिन क्रमांक चढवायचा. विलिस जीपच्या बाबतीतही हेच झाले, आणि पुढे महिंद्रानेच प्यूजोच्या परवान्यावरचे डिझेल इंजिन घातलेल्या जीप विकल्या. या कामाचे ना मासिक निघाले, ना प्रदर्शन भरले. करणाऱ्यांची नावेही कुठे छापून आली नाहीत.

आज या गाड्या संग्राहकांच्या हाती येतात तेव्हा पहिले काम ठरलेले असते : डिझेल इंजिन काढून भंगारात घालायचे आणि अमेरिकेतून त्या सालचे पेट्रोल इंजिन मागवायचे. कायद्याचाही कौल त्याच बाजूला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांची स्वतंत्र तरतूद केली. ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली गाडी या तरतुदीत बसते. तिला क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे मिळतात, नोंदणी १० वर्षांची, नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये. त्याआधी जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सांगितले होते, की उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येणार नाही. गंमत अशी, की त्याच कलमात इंधन बदलण्यासाठी अटींवर मुभा आहे. पेट्रोलच्या गाडीत मंजूर संच वापरून सीएनजी किंवा बॅटरी बसवता येते. म्हणजे जुन्या गाडीत दुसऱ्या कंपनीचे पेट्रोल इंजिन घालणे कायद्याला खटकते, पण इंजिनच नाहीसे करून वीज भरणे खपते. युरोपातल्या जतनवाद्यांनी नेमका उलटा क्रम लावला असता.

रस्त्यावरची सुरक्षितता पाहणाऱ्या कायद्याने बेताल फेरफारांना आळा घालावा, हे योग्यच आहे. तक्रार त्याबद्दल नाही. प्रश्न आहे तो ‘मूळ स्वरूप’ या दोन शब्दांचा. १९४८ साली मुंबईत आलेली एखादी डॉज पहिली पंचवीस वर्षे पेट्रोलवर आणि नंतरची पंचवीस वर्षे डिझेलवर चालली असेल, तर तिचे मूळ स्वरूप कोणते? ट्यूरिन सनदेच्या भाषेत सांगायचे तर वापराच्या काळात झालेला बदल हा तिच्या चरित्राचा भाग आहे. डेट्रॉइटला तिच्यासारख्या पुष्कळ डॉज जपलेल्या आहेत, आणि त्या आपल्यापेक्षा चांगल्या जपलेल्या आहेत. परमिट-राजच्या टंचाईत एका मिस्तऱ्याने हाताने प्लेट कापून डिझेलवर चालती ठेवलेली डॉज मात्र डेट्रॉइटला कुठे असणार? ते इंजिन उपटले की ती पुन्हा अमेरिकन होते आणि तिचे मुंबईकरपण संपते.

महाराष्ट्रात कितीतरी यादवकालीन देवळांच्या दगडी गाभाऱ्यावर नंतरच्या काळातले विटा-चुन्याचे शिखर आहे. मूळ शिखर पडले होते, ज्यांना जमले त्यांनी जमेल तशा सामग्रीने नवे बांधले. आज कोणताही अभ्यासक ते शिखर पाडून तेराव्या शतकातले ‘मूळ’ शिखर घडवा, असे म्हणणार नाही. त्याच देवळाला गेल्या वर्षी कोणी ऑइलपेंट फासला असेल तर तो खरवडून काढा, असे मात्र तो जरूर म्हणेल. दोन्ही बदलच. एक गरजेतून आला, जुना झाला, इतिहासाचा थर बनला. दुसरा काल झाला आहे आणि अजून काढता येतो. मोटारींच्या बाबतीत एवढा विवेक वापरायला हरकत नाही.

याचा अर्थ प्रत्येक डिझेल डॉज जशीच्या तशी ठेवावी असा नाही. पुष्कळ कामे केवळ निकडीची आणि ओबडधोबड होती. पण इंजिन काढण्याआधी त्याची छायाचित्रे घ्यावीत, आरसी बुकावरची नोंद उतरवून ठेवावी, ती जुळणीची प्लेट तरी भंगारात जाऊ देऊ नये. ज्याने हे काम केले तो मिस्तरी हयात असेल तर त्याच्याकडून हकीकत लिहून घ्यावी. निदान काही गाड्या तरी डिझेलसकट राहाव्यात. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेल्या तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांना निरोप दिला, पण त्यांना चार-पाच दशके चालते ठेवणाऱ्या गॅरेजांविषयी फारसे कोणी लिहिले नाही.

कॅलिफोर्नियातल्या पोरांच्या गाड्या वारसा ठरल्या, कारण त्यांच्यामागे मासिके होती, छायाचित्रे होती, शर्यतींच्या नोंदी होत्या. १९४८ मध्ये त्या नोंदी करणाऱ्यांना आपण इतिहास लिहितो आहोत असे वाटले नसेल. आपल्याकडच्या कारागिरांच्या हातात कसब त्यांच्याइतकेच होते, फक्त लिहून ठेवणारे कोणी नव्हते. ते मिस्तरी आता सत्तरी-ऐंशीचे आहेत. त्यांच्या गाड्या एकेक करून ‘मूळ स्वरूपात’ परत चालल्या आहेत, आणि हे काम करायला फार वर्षे उरलेली नाहीत.